येहूचा रथ आणि इज्रेलचं रक्त

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, रात्री भांडी घासता घासता ऐकत असाल, तर आज जरा हेडफोन लावाच. स्पीकरवर नको. घरात लहान मुलं असतात आणि आजची गोष्ट रक्ताने माखलेली आहे.

मागच्या भागात आपण एलीयाबद्दल बोललो. कर्मेल डोंगर, बआलचे साडेचारशे संदेष्टे, मग ईजबेलच्या भीतीने रानात पळालेला एकटा एलीया. त्यानंतर एका ऐकणाऱ्याने लिहिलं, की एलीया तर निघून गेला, मग त्याचं काम कोणी पुरं केलं की नाही? प्रश्न चांगला आहे. उत्तर आहे, केलं. येहू नावाच्या सेनापतीने केलं. आणि ते ज्या पद्धतीने केलं त्याबद्दल खुद्द बायबलच्या पानांतसुद्धा एकमत नाही. मला ही गोष्ट तेवढ्यासाठीच सांगायची आहे.

(जाता जाता: एलीया म्हणजे आपल्याला काही परका नाही. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना आपल्याकडे शनवार तेली म्हणायचे, ते ‘एलियाहू हन्नाबी’च्या नावाने मलिदा करतात. अलिबाग तालुक्यात खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या रथाच्या खुणा आहेत अशी त्यांची श्रद्धा आहे.)

तर काळ इ.स.पू. ८४१च्या आसपासचा. इस्राएल म्हणजे उत्तरेचं राज्य, राजधानी शोमरोन. दक्षिणेला यहूदा, राजधानी यरुशलेम. उत्तरेत अम्रीचं घराणं गादीवर. अम्रीचा मुलगा अहाब, अहाबची बायको ईजबेल. ती सीदोनच्या राजाची मुलगी, माहेरहून बआलची भक्ती घेऊन आलेली. अहाबने शोमरोनात बआलचं मंदिर बांधलं. ईजबेलने परमेश्वराच्या संदेष्ट्यांना मारलं. म्हणजे धर्मासाठी रक्त सांडायला सुरुवात येहूने केली असं कोणी समजू नये.

पण एक गंमत बघा. अहाबच्या मुलांची नावं काय? अहज्या, यहोराम. राजघराण्यातली मुलगी, जी यहूदाच्या राजाला दिली, ती अथल्या. या तिन्ही नावांत याहवेचं, म्हणजे इस्राएलच्या परमेश्वराचंच नाव लपलेलं आहे. बआलचं मंदिर बांधणारा माणूस मुलांची नावं मात्र परमेश्वरावरून ठेवतोय! आणि यहोराम गादीवर आल्यावर त्याने बापाने उभा केलेला बआलचा स्तंभ काढून टाकला, असंही राजांच्या दुसऱ्या पुस्तकात आहे. म्हणजे एका बाजूला सगळे धर्मभ्रष्ट आणि दुसऱ्या बाजूला सगळे शुद्ध, असं ते राज्य नव्हतंच. सरमिसळ होती. माणसं राहतात तिथे असते तशी.

मग लोकांचा खरा राग कशावर होता? मला वाटतं, नाबोथवर जे झालं त्यावर.

नाबोथ हा इज्रेलचा एक साधा द्राक्षमळेवाला. त्याचा मळा राजवाड्याला लागून. अहाबला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने पैसे देऊ केले, बदल्यात दुसरी चांगली जमीन देऊ केली. नाबोथ म्हणाला, ही वडिलोपार्जित जमीन आहे, देणार नाही. बास. राजा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडला, जेवेना. तेव्हा ईजबेलने काय केलं? राजाच्या नावाने, राजाच्या शिक्क्याने गावच्या वडीलधाऱ्यांना पत्रं पाठवली. उपास जाहीर करा, नाबोथला पुढे बसवा, दोन भाडोत्री साक्षीदार उभे करा, त्यांनी सांगावं की याने देवाला आणि राजाला शिव्याशाप दिले. वडीलधाऱ्यांनी तसंच केलं, एकाने सुद्धा हूं की चूं केलं नाही. नाबोथला दगडांनी ठेचून मारलं आणि मळा राजाचा झाला.

एलीयाने येऊन अहाबला तोंडावर सांगितलं, की हे रक्त तुझ्या घराण्यावर उलटेल. ते ऐकणाऱ्यांत, अहाबच्या मागे रथातून येणारा एक अधिकारी होता. त्याचं नाव येहू.

हे लक्षात ठेवा. येहू बाहेरून आलेला क्रांतिकारक नाही. त्याने ते शब्द ऐकले, आणि त्यानंतर वर्षानुवर्षं त्याच घराण्याची चाकरी केली, पुढे सेनापती झाला.

आता रामोथ-गिलादच्या छावणीत या. अरामी राजा हजाएलशी लढाई चाललीय. राजा यहोराम जखमी होऊन इज्रेलला उपचाराला गेलाय, त्याला बघायला त्याचा भाचा, यहूदाचा राजा अहज्या आलाय. (हो, अहज्या नावाचे दोन आहेत. हा वेगळा.) छावणीत अधिकारी बसलेत. तेवढ्यात एक तरुण संदेष्टा धापा टाकत येतो, येहूला आत नेतो, डोक्यावर तेल ओततो, इस्राएलचा राजा म्हणून त्याचा अभिषेक करतो आणि दार उघडून पळून जातो. अलीशाने त्याला तेवढंच सांगून पाठवलं होतं: ओत, सांग, पळ.

पण मूळ मजकूर नीट वाचलात तर एक गोष्ट दिसते. अलीशाने दिलेला निरोप एका ओळीचा आहे, तुला राजा केलंय एवढाच. त्या तरुणाने प्रत्यक्षात जो सांगितला तो लांबलचक आहे. त्यात अहाबच्या घराण्यातला एकेक पुरुष संपवायचा, ईजबेलला कुत्री खातील, सगळं येतं. हे सगळं अलीशाने सांगितलं होतं आणि लेखकाने आधी गाळलं, की पोराने एलीयाचे जुने शब्द आपल्या पदरचे जोडले? मजकूर सांगत नाही. मी तिथे दर वेळी थांबतो.

बाहेर आल्यावर सोबती विचारतात, हा वेडा कशाला आला होता? येहू आधी उडवून लावतो, मग सांगतो. ते क्षणात आपापले झगे काढून पायरीवर पसरतात, शिंग फुंकतात. इतक्या चटकन! म्हणजे सैन्यात खदखद आधीच होती, तेलाने फक्त तोंड फोडलं. येहूची पहिली आज्ञा कुठली? देवाचं नाव नाही, प्रार्थना नाही. छावणीतून एकही माणूस बाहेर जाता कामा नये, बातमी इज्रेलला पोचता कामा नये. कामाचा माणूस.

पुढचा प्रसंग तर सिनेमासारखा आहे. इज्रेलच्या बुरुजावर पहारेकरी. लांबून धूळ. राजा एक घोडेस्वार पाठवतो, ‘शालोम?’ असं विचारायला, म्हणजे सगळं कुशल ना? स्वार परत येत नाही, येहूच्या मागे जाऊन उभा राहतो. दुसरा पाठवतात, तोही तसाच. मग पहारेकरी ओळखतो, हे रथ हाकणं येहूचं आहे, दुसरं कोणी असं पिसाटासारखं हाकत नाही. तेव्हा जखमी यहोराम स्वतः रथ जोडून निघतो, अहज्याही निघतो. आणि गाठ कुठे पडते? नाबोथच्या मळ्यात.

यहोरामही तेच विचारतो, शालोम ना? येहूचं म्हणणं, तुझ्या आईचे व्यभिचार आणि चेटूक चालू असताना कसलं कुशल! राजा रथ वळवतो, ओरडून अहज्याला सावध करतो. येहूचा बाण त्याच्या दोन्ही खांद्यांच्या मधून आरपार. येहू आपल्या सरदाराला, बिदकराला सांगतो, प्रेत याच मळ्यात टाक, आठवतं ना, आपण दोघं अहाबच्या मागे रथात होतो.

खरं सांगू? इथपर्यंत ऐकताना माझं मन येहूच्या बाजूने असतं. नाबोथच्या जमिनीवर न्याय झाला असं वाटतं. ज्याच्या वतीने कोणी बोललं नाही त्याच्यासाठी कोणीतरी उभं राहिलं. गोष्ट इथे संपली असती तर आपण येहूला डोक्यावर घेतलं असतं.

पण गोष्ट इथे सुरू होते.

यहूदाचा राजा अहज्या पळतो. त्याचं नाव अभिषेकाच्या वेळी कोणी घेतलं नव्हतं. येहू त्यालाही मारायला सांगतो. इब्लामजवळ वार बसतो, मगिद्दोला तो मरतो. (इतिहासाच्या दुसऱ्या पुस्तकात त्याच्या मरणाची हकीकत वेगळी आहे, तो शोमरोनात लपलेला सापडला असं.)

मग ईजबेल. तिने डोळ्यांत काजळ घातलं, केस सजवले, खिडकीत येऊन उभी राहिली. पुष्कळ जण म्हणतात, येहूला मोहात पाडायला. मला ते अजिबात पटत नाही. नातवंडं असलेली राजमाता आहे ती, मुलगा नुकताच मारला गेलाय, आणि तिला कळलंय की आता आपली पाळी. ती राणीसारखं मरायला नटली. आणि वरून येहूला तिने ‘जिम्री’ म्हणून टोमणा मारला. जिम्री कोण? असाच एक रथांचा अधिकारी, ज्याने धन्याला मारून गादी घेतली आणि सात दिवसांत मेला. ईजबेल कशीही असो, नाबोथच्या रक्ताचे डाग तिच्या हातावर आहेत, पण तो टोमणा नेमका होता. येहूने तिच्याच खोजांना हाक मारली, त्यांनी तिला खाली टाकलं, घोडे तिच्यावरून गेले. मग येहू आत जाऊन जेवला. जेवण झाल्यावर आठवण झाली, की राजाची मुलगी होती, पुरायला हवं. तोवर कुत्र्यांनी कवटी, पाय आणि तळहात एवढंच शिल्लक ठेवलं होतं.

शोमरोनात अहाबच्या घराण्यातली सत्तर मुलं होती, मोठ्या घरांतून सांभाळायला ठेवलेली. येहूने काय केलं ऐका. पत्रं लिहिली. शहराच्या वडीलधाऱ्यांना आणि मुलांच्या पालकांना. तुमच्याकडे रथ आहेत, घोडे आहेत, तटबंदी आहे, यांतला लायक मुलगा गादीवर बसवा आणि लढा. ते घाबरले, शरण आले. दुसरं पत्र गेलं, माझ्या बाजूचे असाल तर तुमच्या धन्याच्या मुलांची ‘डोकी’ घेऊन उद्या इज्रेलला या. हिब्रूत आपल्यासारखंच डोकं म्हणजे शीर आणि डोकं म्हणजे प्रमुखही. शब्द मुद्दाम निसरडा ठेवलाय की काय कोण जाणे. पालकांनी काय ओळखायचं ते ओळखलं. टोपल्यांतून सत्तर शिरं आली. वेशीवर दोन ढीग, सकाळपर्यंत. सकाळी येहू लोकांसमोर उभा राहून म्हणतो, माझ्या धन्याला मी मारलं हे खरं, पण या सगळ्यांना कोणी मारलं?

ओळखीचं वाटतं ना काही? वडीलधाऱ्यांना पत्रं. दुसऱ्याच्या हाताने खून. आणि सगळ्याला देवाच्या नावाची झिलई. ईजबेलने नाबोथला याच पद्धतीने मारलं होतं. वीसएक शब्द बदलले असतील, सरकारी रीत तीच. आणि ते वडीलधारेही तसेच, पहिल्या पत्रालाही मान डोलावणारे आणि दुसऱ्यालाही.

पुढे वाटेत यहूदाच्या राजघराण्यातले बेचाळीस जण भेटतात. ते राजपुत्रांना भेटायला चाललेले पाहुणे, त्यांना काही माहीतच नाही. त्यांनाही एका टाक्यापाशी कापून काढतात. एकही उरत नाही.

या प्रेतांनंतर लगेच येहूला यहोनादाब भेटतो, रेखाबाचा मुलगा. हा कडवा माणूस. त्याच्या वंशजांबद्दल यिर्मयाच्या पुस्तकात येतं: द्राक्षारस प्यायचा नाही, घर बांधायचं नाही, शेती करायची नाही, तंबूतच राहायचं. येहू हात देऊन त्याला रथात घेतो आणि म्हणतो, चल, परमेश्वरासाठी माझा आवेश किती आहे ते बघ.

बघ म्हणतो तो. आवेश दाखवायला त्याला साक्षीदार हवाय, तोही असा, की ज्याच्या धार्मिकपणाबद्दल कोणाला शंका नाही. आजच्या भाषेत सांगायचं तर फोटोत शेजारी कोण उभा आहे याला महत्त्व आहे. यहोनादाब त्या फोटोत उभा राहिला. त्याने काय विचार केला, मागे वाळत पडलेलं रक्त त्याला दिसलं का, मजकूर गप्प आहे.

मग शेवटचा डाव. येहूने जाहीर केलं, अहाबने बआलची थोडी सेवा केली, मी खूप करणार आहे! मोठा यज्ञ, यच्चयावत पुजाऱ्यांनी आणि भक्तांनी यावं, न येणारा जगणार नाही. सगळे आले, मंदिर या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलं. सगळ्यांना खास वस्त्रं वाटली, म्हणजे ओळख पटायला सोपं. परमेश्वराचा भक्त चुकून आत नाही ना, हे तपासून घेतलं. बाहेर ऐंशी माणसं, एक निसटला तर तुमचा जीव जाईल अशी ताकीद. होमबली झाला आणि कत्तल झाली. मंदिर पाडून तिथे शौचकूप केला.

आत कोण होते? काही पुजारी, दरबारी असतील. पण काही साधे शेतकरीही असणारच. बआल हा पावसाचा देव. ज्याची शेती पावसावर आहे तो माणूस एक नारळ इकडे आणि एक तिकडे ठेवतो, हे आपल्याला नव्याने सांगायला नको. एलीयाच्या काळातला दुष्काळ त्यांच्या आठवणीत ताजा होता. राजाने बोलावलं, न आल्यास मरण म्हणाला, म्हणून आले.

आणि एवढं करून? बेथेल आणि दान इथली सोन्याची वासरं येहूने जिथल्या तिथे ठेवली. ही वासरं पहिल्या यराबामाने उभी केली होती, उत्तरेच्या लोकांनी पूजेला यरुशलेमला जाऊ नये म्हणून. राजांच्या पुस्तकाच्या लेखकाच्या नजरेत ते मोठं पाप. पण ती काढली तर लोक दक्षिणेकडे जातील, कर आणि निष्ठाही तिकडे जाईल. बआलची मूर्ती फोडण्यात गादी बळकट होत होती, वासरं फोडण्यात कमकुवत होणार होती. आवेश बरोबर त्या रेषेवर थांबला.

लेखक हे नमूद करतो, पण अहाबच्या घराण्याचं जे केलंस ते ठीक केलंस, तुझ्या चार पिढ्या गादीवर बसतील, असं परमेश्वराने येहूला सांगितल्याचंही तोच लिहितो. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही. मजकुरात शाबासकी आहे.

आता बायबलच्या बाहेर येऊ, कारण इथे दगड बोलतात. तेल दान इथे १९९३ मध्ये एका अरामी शिलालेखाचा तुकडा सापडला, पुढच्या वर्षी आणखी तुकडे. त्यात एक अरामी राजा, बहुतेक हजाएल, फुशारकी मारतो की इस्राएलचा राजा आणि दावीदाच्या घराण्याचा राजा मी मारले. नावं फुटलेली आहेत, पण उरलेल्या अक्षरांवरून यहोराम आणि अहज्याच जुळतात. म्हणजे त्याच दोन खुनांवर दोघांचा दावा! कदाचित येहू आणि हजाएल यांचं संगनमत असेल, कदाचित हजाएल दुसऱ्याचं श्रेय लाटत असेल. काही असो, इज्रेलमधला तो बाण निव्वळ धर्माचा नव्हता, आजूबाजूचं राजकारण त्यात होतं, असा संशय घ्यायला जागा आहे.

दुसरा दगड १८४६ मध्ये लेयार्डला निमरूदला, आजच्या इराकमध्ये सापडला. काळा, साधारण दोन मीटर उंच, चारी बाजूंनी चित्रं. आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. (निमरूदचं कोरीवकाम जवळून बघायचं असेल तर आपल्या मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असीरियन शिलापट आहेत, फोर्टला गेलात तर जरूर जा.) तो स्तंभ असीरियाचा राजा तिसरा शल्मनेसर याचा. एका चौकटीत त्याच्या पायाशी एक दाढीवाला माणूस कपाळ जमिनीला टेकवून ओणवा झालाय. येहू, किंवा त्याचा दूत. मागे चांदी, सोनं, सोन्याची भांडी घेऊन माणसांची रांग. ही खंडणी इ.स.पू. ८४१ची. आणि त्यावरच्या मजकुरात येहूची ओळख काय? अम्रीचा पुत्र! ज्या घराण्याची पोरं टोपल्यांत भरली, त्याच घराण्याचं नाव असीरियनांनी त्याला चिकटवलं. त्यांच्या दप्तरी ते राज्यच अम्रीच्या नावाने ओळखलं जायचं, बाकी तपशिलाशी त्यांना घेणंदेणं नव्हतं.

हे का झालं? इ.स.पू. ८५३ मध्ये करकरच्या लढाईत याच शल्मनेसराविरुद्ध अनेक राजे एकत्र उभे राहिले होते आणि असीरियन नोंदीतच अहाबचे २,००० रथ आणि १०,००० पायदळ लिहिलेले आहेत. आकडा फुगवलेला असेल, तरी अहाब वजनदार होता. येहूने यहूदाचा राजा मारला, फिनीकी राजकन्या मारली. दोन्ही शेजारी तुटले. एकटा पडला. हजाएलने यार्देनेच्या पूर्वेचा सगळा मुलूख घेतला. येहूच्या मुलाच्या वेळी सैन्यात उरले पन्नास घोडेस्वार आणि दहा रथ. २,०००चे दहा. हा दहाचा आकडा बायबलच देतं.

आणि यरुशलेमात? अहज्या मेल्यावर त्याच्या आईने, अथल्येने, राजवंशातली मुलं मारून गादी बळकावली. एक तान्हं बाळ तेवढं लपवलं म्हणून वाचलं. म्हणजे उत्तरेत अहाबचं घराणं संपवणाऱ्या तलवारीने दक्षिणेत अहाबच्याच घराण्यातल्या बाईला राणी केलं.

आता शेवटची गोष्ट. सुमारे शंभर वर्षांनी, येहूचा पणतू दुसरा यराबाम गादीवर आहे. राज्य पुन्हा सुबत्तेत. होशेय नावाचा संदेष्टा आहे, बआलच्या पूजेवर त्याच्याइतकं कडक कोणी बोललेलं नाही. म्हणजे येहूच्या उद्देशाशी त्याचं भांडण असायचं काही कारण नाही. त्याला मुलगा होतो. परमेश्वर सांगतो, याचं नाव इज्रेल ठेव, कारण इज्रेलमध्ये सांडलेल्या रक्ताचा जाब मी येहूच्या घराण्याला विचारणार आहे.

पोराचं नाव इज्रेल. रोज संध्याकाळी गल्लीत त्याची आई त्याला जेवायला हाक मारणार, आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाला तो बुरुज, तो मळा, त्या दोन राशी आठवणार.

काही भाष्यकार म्हणतात की होशेयाचा रोख येहूच्या आवेशावर नाही, नंतर त्याचं घराणंही अहाबच्याच वाटेने गेलं म्हणून ही शिक्षा. असेलही. पण मग त्याने वासरांचं नाव घेतलं असतं, बेथेलचं घेतलं असतं. त्याने घेतलं इज्रेलच्या रक्ताचं. राजांच्या पुस्तकातली शाबासकी आणि होशेयाचा जाब एकाच बायबलमध्ये आहेत, आणि ज्यांनी ही पुस्तकं एकत्र बांधली त्यांनी दोन्ही राहू दिले. मला विचाराल तर मी होशेयाच्या बाजूला बसतो.

यराबामाचा मुलगा जखऱ्या, येहूपासून चौथी पिढी, सहा महिने राजा होता. शल्लूम नावाच्या माणसाने कट करून त्याला मारलं. कुठे? हिब्रू मजकूर म्हणतो, लोकांसमोर. काही जुन्या ग्रीक हस्तलिखितांत मात्र जागेचं नाव आहे: इब्लाम. जिथे येहूच्या माणसांनी अहज्यावर वार केला होता, तेच. शल्लूमही महिनाभरच टिकला.

अथल्या आणि त्या लपवलेल्या बाळाची गोष्ट पुढच्या भागात. तोवर राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचे नववा आणि दहावा हे दोन अध्याय स्वतः वाचा, मराठी बायबल मोबाइलवर फुकट मिळतं. अर्धा तास लागेल. आणि तो अलीशाचा निरोप आणि पोराने दिलेला निरोप शेजारी शेजारी ठेवून वाचा, तुम्हाला काय वाटतं ते मला कळवा.